वाघोलीचा निळा खडा, आंबेनळीचा काळा कातळ: डेव्हलपरने भूरसायन घ्यावं की खनिजशास्त्र?

पुण्याजवळच्या वाघोलीच्या दगडखाणींतून कॅव्हन्साइट नावाचं गडद निळं खनिज निघतं. तिथेच, पण फार क्वचित, पेंटागोनाइट नावाचं दुसरं निळं खनिज सापडतं. दोघांची रासायनिक घडण तंतोतंत एकच: कॅल्शियम, व्हॅनेडियम, सिलिका आणि पाणी, तेही त्याच प्रमाणात. वेगळी आहे ती अणूंची मांडणी. तुमच्या टेबलात फक्त मूलद्रव्यांचे कॉलम असतील तर या दोन खड्यांच्या ओळी सारख्याच निघतील. मग मॉडेल कितीही भारी लावा, दोघांना वेगळं काढता येणार नाही, कारण वेगळं काढण्यासारखं त्या टेबलात काही नाहीच.

आता महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट घ्या. पश्चिम घाटातल्या बेसाल्टच्या एका थरगटाला याच घाटाचं नाव आहे, आणि त्याच्या खाली बुशे नावाचा दुसरा गट आहे. दोन्हींत प्लॅजिओक्लेज, पायरॉक्सीन आणि लोह-टायटॅनियमची अपारदर्शक खनिजं आहेत, आणि हातात घेतले तर दोन्ही काळे कातळच. पण स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचं गुणोत्तर आंबेनळीत ०.७०४ च्या आसपास आहे, तर बुशेत ०.७१३ च्या वर जातं. वर येताना वितळलेल्या खडकाने जुनं कवच किती पोटात घेतलं, याची ही खूण. १९८० च्या दशकात घाटातल्या थरांची जी मांडणी झाली, ती मुख्यतः अशा आकड्यांवर.

पहिल्या उदाहरणात खनिजशास्त्राशिवाय चालत नाही, दुसऱ्यात भूरसायनाशिवाय. तुम्ही कोड लिहिणारे असाल आणि या दोहोंपैकी एका बाजूला वळायचं असेल, तर अभ्यासक्रमांची यादी बाजूला ठेवा. दोन्हीकडचा खरा डेटा दोन शनिवार-रविवार हाताळा. कोणत्या प्रकारच्या चुका शोधताना तुम्हाला कंटाळा येत नाही, ते पाहा. निवड बहुतेक तिथेच होते.

पहिला शनिवार-रविवार: भूरसायन

हा डेटा ओळखीचा वाटतो आणि म्हणूनच फसवतो. एक ओळ म्हणजे एक नमुना. मुख्य ऑक्साइड वजनी टक्क्यांत, सूक्ष्म मूलद्रव्यं पीपीएममध्ये, समस्थानिकं नुसत्या गुणोत्तरात. जिओरॉक हा खडकांच्या विश्लेषणांचा खुला डेटाबेस आहे. तो आता जर्मनीतल्या गटिंगन विद्यापीठात चालतो. त्यात दख्खनच्या बेसाल्टची तयार सीएसव्ही फाइल मिळते, ती उतरवा.

पांडाजमध्ये फाइल नेहमीसारखी उघडलीत तर बहुधा एन्कोडिंगची एरर येईल. यूटीएफ-८ सोडून लॅटिन-१ द्या. मग फाइलच्या तळाशी पाहा: ओळींच्या शेवटी संदर्भांची यादी चिकटवलेली असते. ती कापली नाहीत तर आकड्यांचे कॉलम मजकूर म्हणून वाचले जातात. त्यानंतर फक्त संपूर्ण खडकाची विश्लेषणं ठेवा. काच आणि सुटी खनिजं त्याच फाइलमध्ये मिसळलेली असू शकतात.

खरं काम यापुढे सुरू होतं. लोह तीन तऱ्हांनी लिहिलेलं सापडेल: फेरस ऑक्साइड, फेरिक ऑक्साइड, किंवा एकूण लोह यांपैकी एका रूपात मोजलेलं. सगळं एका रूपात आणायला फेरिकच्या आकड्याला ०.८९९८ ने गुणा. १२ टक्के फेरिक म्हणजे १०.८ टक्के फेरस. ही पायरी चुकवली तर एका शोधनिबंधातले नमुने दुसऱ्यापेक्षा सव्वा टक्क्याने लोहसंपन्न दिसतात, आणि तुमचं क्लस्टरिंग भूविज्ञानाऐवजी प्रयोगशाळांची विभागणी करून देतं. टायटॅनियमचीही तीच गत: एकीकडे टक्क्यांत ऑक्साइड, दुसरीकडे पीपीएममध्ये मूलद्रव्य. १ टक्का टायटॅनियम ऑक्साइड म्हणजे ५,९९५ पीपीएम टायटॅनियम.

नंतर बेरीज तपासा. मुख्य ऑक्साइडांची बेरीज ९७.२ येते आणि उरलेले २.८ टक्के तापवल्यावर उडून जाणारं पाणी वगैरे असतं, असं बेसाल्टमध्ये सर्रास होतं. वर्गीकरणाच्या आलेखांतल्या सीमारेषा मात्र पाणी वगळून १०० वर आणलेल्या आकड्यांसाठी आखलेल्या असतात. ४८.६ टक्के सिलिका ९७.२ ने भागून १०० ने गुणली की ५०.० होते. एवढ्या फरकाने नमुना सीमेच्या पलीकडे जाऊ शकतो.

शोधमर्यादेखालच्या किमती हा स्वतंत्र त्रास. कोणी ‘०.५ पेक्षा कमी’ असं चिन्ह टाकतं, कोणी उणे ०.५, कोणी ०, कोणी उणे ९९९९, कोणी रिकामं सोडतं. यातलं ‘रिकामं’ म्हणजे मोजलंच नाही आणि ‘उणे ०.५’ म्हणजे मोजलं पण सापडलं नाही. हे दोन कधीही एकत्र करू नका. प्रत्येक किमतीबरोबर एक ध्वज-कॉलम ठेवा: मोजलेली, मर्यादेखालची, न मोजलेली. आणि फाइल एक्सेलमधून फिरून आली असेल तर नमुना क्रमांक नीट बघा: ‘मार्च-१’ सारखा दिसणारा क्रमांक तारीख झालेला असतो, आणि मधे इंग्रजी ई असलेला क्रमांक दहाचा घात.

आता जी गोष्ट भूरसायनाला इतर टॅब्युलर डेटापासून वेगळं पाडते, ती. प्रत्येक ओळीची बेरीज १०० आहे. सिलिका वाढली की बाकीच्यांना कमी व्हावंच लागतं, मग त्यांचं एकमेकांशी काही नातं असो वा नसो. कच्च्या टक्क्यांवर कोरिलेशन काढाल तर उणे आकडे फुकटात मिळतात. उपाय जुना आहे: गुणोत्तरांचे लॉगॅरिदम घ्या. ६०, ३०, १० अशी तीन भागांची ओळ घ्या. तिचा गुणोत्तर मध्य २६.२१. प्रत्येक भागाला त्याने भागून नैसर्गिक लॉग घेतला की ०.८२८, ०.१३५ आणि उणे ०.९६३ मिळतात, बेरीज शून्य. पीसीए करायचा तो यावर. पायथनच्या पायरोलाइट लायब्ररीत हे रूपांतर तयार आहे, पण एकदा हाताने लिहून पाहाच. शून्याचा लॉग निघत नाही, त्यामुळे मघाचा शोधमर्यादेचा ध्वज नसेल तर कोड इथेच अडकतो.

या सगळ्याला बारा ते पंधरा तास लागतील, आणि त्यातले दहा साफसफाईत जातील. रविवारी संध्याकाळी बेरियम-टायटॅनियमच्या आलेखावर घाटातले वेगवेगळे थर सुटे होताना दिसले आणि तुम्हाला पुढे कुतूहल वाटलं, तर ही तुमची बाजू. ‘दहा तास नुसतं लोह जुळवत बसलो’ एवढंच मनात राहिलं, तर पुढची दहा वर्षंही तेच करावं लागणार आहे हे लक्षात घ्या.

दुसरा शनिवार-रविवार: खनिजशास्त्र

इथे टेबल नाही, आकृती आहे: क्ष-किरणांचा विवर्तन आलेख (स्फटिकावरून कोणत्या कोनात किती किरण परत येतात ते दाखवणारा), रामन किंवा अवरक्त वर्णपट, सूक्ष्मदर्शकाखालची प्रतिमा. सिग्नल आणि इमेज प्रोसेसिंग केलेल्याला हे घरचं वाटेल.

क्रिस्टलोग्राफी ओपन डेटाबेसमधून क्वार्ट्झ, कॅल्साइट आणि अल्बाइट यांच्या सीआयएफ फाइली, म्हणजे स्फटिकातल्या अणूंच्या जागा लिहिलेल्या फाइली, घ्या. पायमॅटजेन लायब्ररीतल्या एक्सआरडी कॅल्क्युलेटरने त्यांचे आलेख काढा. तांब्याच्या नळीच्या किरणांची तरंगलांबी १.५४०६ अँगस्ट्रॉम धरली की क्वार्ट्झचं सगळ्यात उंच शिखर २६.६४ अंशांवर येतं, म्हणजे अणूंच्या थरांमधलं ३.३४३ अँगस्ट्रॉमचं अंतर. कॅल्साइटचं २९.४ च्या आसपास. मग रफ या खुल्या संग्रहातून त्याच खनिजांचे मोजलेले आलेख घेऊन शेजारी ठेवा.

जुळत नसेल तर पहिली शंका नळीची. लोहयुक्त नमुन्यांसाठी अनेक लॅब कोबाल्टची नळी वापरतात, कारण तांब्याच्या किरणांनी लोह स्वतःच चमकतं आणि आलेखाचा तळ वर उचलला जातो. बेसाल्टसारख्या खडकात हे हमखास. कोबाल्टवर क्वार्ट्झचं तेच शिखर ३१.० अंशांवर दिसतं. म्हणून अंशांत तुलना करूच नका, आधी अँगस्ट्रॉममध्ये बदला.

आता तीन आलेख ५०, ३०, २० अशा वजनी प्रमाणात मिसळून एक कृत्रिम नमुना बनवा, थोडा नॉइज टाका आणि ऋणेतर लीस्ट स्क्वेअर्सने प्रमाणं परत काढा. इथे एक सापळा आहे: हा कॅल्क्युलेटर मूळ सेटिंगमध्ये प्रत्येक आलेखाचं सर्वोच्च शिखर १०० करून देतो. १०० ला १०० म्हणजे समान वजन नव्हे. कोरंडम या तुलनेसाठी वापरल्या जाणाऱ्या खनिजापेक्षा क्वार्ट्झचं शिखर साधारण तिप्पट उंच येतं, कॅल्साइटचं दोन ते तीनपट. हा गुणक लावला नाही तर टक्केवारी सुबक दिसते आणि चूक असते.

गुणक लावून उत्तर बरोबर आलं की एक छोटा अपघात मुद्दाम करा: संपूर्ण आलेख ०.०५ अंशाने सरकवा. प्रत्यक्षात नमुन्याचा पृष्ठभाग साच्याच्या कडेपासून फक्त ०.१ मिलिमीटर वरखाली भरला गेला की २४० मिलिमीटर त्रिज्येच्या यंत्रात साधारण एवढाच सरक येतो. तुमचं लीस्ट स्क्वेअर्स लगेच डगमगेल. अरुंद शिखरं एकमेकांवर बसणार नाहीत आणि सॉल्व्हर फरक भरून काढायला भलतंच खनिज वाढवेल. मग सरक हाही एक अज्ञात घटक म्हणून कोडमध्ये घ्यावा लागतो. त्यानंतर शिखराची रुंदी, त्यानंतर तळ. असं करत करत तुम्ही १९६९ साली ह्यूगो रीटव्हेल्ड यांनी मांडलेल्या, संपूर्ण आलेख एकदम जुळवण्याच्या पद्धतीपाशी येता. जीसॅस-२ हे पायथनमधलं खुलं सॉफ्टवेअर तेच काम करतं. त्याचा कोड वाचणं हा या क्षेत्रातला उत्तम अभ्यास आहे.

रीटव्हेल्डमध्ये डेव्हलपर हमखास एका जागी घसरतात: अवशेषाचा, म्हणजे मोजलेल्या आणि काढलेल्या आलेखातल्या फरकाचा, आकडा कमी करण्याच्या नादात एकामागून एक पॅरामीटर मोकळे करत जातात. फिट सुरेख दिसतो आणि अणूंमधलं अंतर अशक्य निघतं. एका वेळी एक-दोन पॅरामीटर मोकळे करा आणि प्रत्येक वेळी उत्तराला भौतिक अर्थ आहे का ते बघा.

काही गोष्टी कोडने सुटत नाहीत, नमुना तयार करणाऱ्याने सोडवाव्या लागतात. अभ्रकाचे पापुद्रे साच्यात आडवे बसतात आणि त्यांची ठरावीक शिखरं फुगतात. पूड मागून किंवा बाजूने भरली तर हे कमी होतं. पूड १० मायक्रॉनपेक्षा जाड असेल तर तोच नमुना दुसऱ्यांदा मोजल्यावर उंची बदलते. काच तर शिखर देतच नाही, आणि सॉफ्टवेअर उरलेल्या स्फटिकांची बेरीज निमूटपणे १०० करून देतं. काच किती ते हवं असेल तर वजन करून १० ते २० टक्के कोरंडम मिसळावं लागतं: ते मोजणीत घातल्यापेक्षा जास्त निघालं, तर काच लपलेली आहे, आणि फरक जितका मोठा तितकी काच जास्त. लॅबमधल्या माणसाला हे प्रश्न विचारता आले नाहीत तर खनिजशास्त्रातला कोड हवेत राहतो.

प्रतिमांकडे ओढ असेल तर दोन इशारे. थिन सेक्शन, म्हणजे खडकाचा पातळ काप, ०.०३ मिलिमीटर जाडीचं असावं लागतं. क्रॉस्ड पोलर्सखाली (एकमेकांना काटकोनात लावलेले दोन ध्रुवक) क्वार्ट्झ तेव्हा राखाडी-पांढरं दिसतं. काप जरा जाड राहिला की तेच पिवळसर होतं, आणि एका लॅबच्या कापांवर शिकवलेलं नेटवर्क दुसऱ्या लॅबमध्ये नापास होतं. शिवाय मंच फिरवला की कण उजळतात आणि विझतात, त्यामुळे एका कोनातला एकच फोटो अर्धवट माहिती देतो. ० ते ९० अंशांत दर १५ अंशांनी फोटो घ्या. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात वेगळीच गंमत: क्वार्ट्झ आणि अल्बाइट यांचा सरासरी अणुक्रमांक जवळजवळ सारखा, म्हणून दोघांची राखाडी छटाही सारखी. नुसत्या छटेवर सेगमेंटेशन करू नका, सोबत मूलद्रव्यांचा वर्णपट घ्या.

दोन्हीकडे चालणारी एकच मोठी चूक

ट्रेन आणि टेस्ट यादृच्छिक वाटणे. एकाच थिन सेक्शनमधले कण, किंवा एकाच बोअरहोलमधले नमुने, दोन्हीकडे विखुरले की अचूकता ९० च्या पुढे जाते, आणि नव्या जागी मॉडेल कोलमडतं. खनिजशास्त्रात सेक्शनवार गट करा, भूरसायनात ठिकाणवार. आकडा पडेल. तो पडलेला आकडाच खरा.

काम कुठे मिळतं

भूरसायनाचा सरळ रस्ता खनिज शोधाचा. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं मध्य विभागीय मुख्यालय नागपूरला आहे, भारतीय खाण ब्यूरोचं मुख्यालयही तिथेच. सर्वेक्षणाच्या राष्ट्रीय भूरासायनिक नकाशांकनात ओढ्यांतल्या गाळाचे नमुने २ बाय २ किलोमीटरच्या चौकटींत एकत्र करून तपासले जातात. भूकोश या पोर्टलवर असा डेटा पाहता येतो, आणि डिसेंबर २०२३ मध्ये राष्ट्रीय भूविज्ञान डेटा भांडारही सुरू झालं. गोव्यात दोना पावलाला राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. मध्य हिंदी महासागरातल्या मँगनीजच्या गोट्यांवर तिथे अनेक वर्षं काम चाललं आहे.

दुसरा रस्ता पाण्याचा. यवतमाळ-चंद्रपूर भागात भूजलात फ्लोराइड जास्त असण्याचा प्रश्न जुना आहे. पाण्यात कॅल्शियम कमी झालं की फ्लोराइडला विरघळून राहायला वाव मिळतो, हे हिशेबाने दाखवायला अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचा फ्रीक-सी हा मोफत प्रोग्राम वापरतात. त्यात पहिल्याच दिवशी होणारी चूक: क्षारतेचा आकडा कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात आहे की बायकार्बोनेटच्या, हे न पाहता भरणे. पहिल्या हिशेबातले १०० म्हणजे दुसऱ्यातले १२२.

खनिजशास्त्राची मागणी खडकांपुरती नाही. सिमेंट कारखान्यांत क्लिंकरमधली, म्हणजे भट्टीतून निघालेल्या गोळ्यांमधली, अलाइट-बेलाइट ही खनिजं मोजायला विवर्तन वापरतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यात सिमेंटचे कारखाने आहेत. औषध कंपन्यांना एकाच रेणूची वेगवेगळी स्फटिकरूपं ओळखायची असतात, म्हणजे कॅव्हन्साइट-पेंटागोनाइटचाच प्रश्न, गोळीच्या आत.

चंद्रावरही हीच वाटणी दिसते. चांद्रयान-१ वर नासाचा खनिज नकाशे काढणारा वर्णपटमापक होता. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरवरची दोन्ही उपकरणं मात्र मूलद्रव्यं ओळखणारी. मोहिमांचा डेटा इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळतो.

पदवीची घाई करू नका. गेटचा भूविज्ञान-भूभौतिकीचा पेपर अभियंत्यालाही देता येतो, पण एमएस्सी भूविज्ञानाच्या प्रवेशाला बऱ्याच ठिकाणी बीएस्सीला तो विषय असावा लागतो. अर्ज भरण्याआधी त्या संस्थेचीच अट वाचा. तोवर नोकरी सांभाळून एखाद्या खुल्या लायब्ररीत योगदान द्या.

कौल विचाराल तर असा: बॅकएंड, डेटाबेस, आकडेशास्त्र या कामातून येणाऱ्याने भूरसायन घ्यावं. खुला डेटा भरपूर आहे आणि काही महिन्यांत दुसऱ्याच्या उपयोगाचं काही बनवता येतं. ऑप्टिमायझेशन, ग्राफिक्स, प्रतिमा यांत रमणाऱ्याने खनिजशास्त्र. तिथे सुरुवात हळू होते. सात स्फटिक प्रणाली आणि २३० अवकाश-गट, म्हणजे स्फटिकांच्या सममितीचे प्रकार, अंगवळणी पडेपर्यंत आपलाच कोड परक्याचा वाटतो. पण कोड येणारी आणि सममितीही कळणारी माणसं थोडी असतात.

तरीही ठरत नसेल तर

दोहोंच्या सीमेवरचं काम घ्या: इलेक्ट्रॉन प्रोबने (इलेक्ट्रॉनचा बारीक झोत एका बिंदूवर टाकून मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राने) मोजलेल्या एकेका खनिजाच्या रसायनावरून सूत्र काढणे. ऑलिव्हिनचं एक विश्लेषण घ्या: सिलिका ४०.०, फेरस ऑक्साइड १३.५, मॅग्नेशिया ४६.३. प्रत्येकाला रेणुभाराने भागा, म्हणजे ६०.०८, ७१.८४ आणि ४०.३० ने. ऑक्सिजन मोजले की एकूण २.६६८ येतात. ऑलिव्हिनच्या सूत्रात ऑक्सिजन ४, म्हणून सगळ्याला १.४९९ ने गुणा. सिलिकॉन ०.९९८, लोह ०.२८२, मॅग्नेशियम १.७२२. बेरीज ३.००२. ऑलिव्हिनमध्ये ती ३ यायला हवी, म्हणजे विश्लेषण चांगलं आहे. लोह आणि मॅग्नेशियम मिळून जे होतं त्यात मॅग्नेशियमचा वाटा ८६ टक्के. बेरीज २.९८ ते ३.०२ च्या बाहेर गेली तर तो बिंदू टाकून द्या. बहुधा किरण दोन कणांच्या कडेवर पडलेला असतो.

ही चाचणी फंक्शनमध्ये घालून सगळ्या खनिजांवर चालवण्याआधी मॅग्नेटाइटचा विचार करा. प्रोबला लोहाचा संयुजी अंक दिसत नाही, ते सगळं लोह फेरस म्हणून लिहितं. शुद्ध मॅग्नेटाइटच्या ऑक्साइडांची बेरीज त्यामुळे १०० ऐवजी ९३.१ टक्के येते. तुमच्या फिल्टरमध्ये ऑक्साइडांच्या बेरजेसाठी ‘९८ ते १०२’ असेल तर बेसाल्टमधला एकूण एक मॅग्नेटाइट चुपचाप गळून जातो, आणि एररही येत नाही.